बिघडलेली अक्षरं कशी दुरुस्त करावीत?
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या स्मरणिकांतले लेख चढवायला घेतले, तेव्हा कित्येक लेख इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन पडद्यावर आले. एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, "अहो, माझ्या वडिलांवरचा लेख होता त्यात. तो गेला का?" त्या प्रश्नामुळेच आज बोलायला उभा राहिलो आहे. मी भाषातज्ज्ञ नाही. दिवसा कार्यालयात कन्नड टाईप करतो आणि रात्री मंडळाचं मराठी, एवढाच माझा अधिकार.

डॉक्टर आधी जीभ बघतात, तसं आपण आधी बिघाडाचं रूप बघावं.

पहिलं रूप म्हणजे इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं यांची सरमिसळ. हा जुन्या फॉन्टचा मजकूर. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले होते. पडद्यावर 'क' दिसायचा, पण आत नोंद दुसऱ्याच चिन्हाची. फॉन्ट नसला की ते आतलं चिन्ह उघडं पडतं. कन्नडातही नुडी आणि बरहच्या जुन्या मजकुराची हीच गत होते. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली आली आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. म्हणून मूळ फॉन्ट नेमका कोणता ते शोधायचं आणि त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. नंतर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासायचे. जुन्या फॉन्टमध्ये ही दोन्ही चिन्हं जशी दिसतात त्या क्रमाने साठवली जात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. चुका तिथेच राहतात.

दुसरं रूप: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो. इथे मजकूर बहुधा शाबूत असतो. युटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. ब्राउझर ते तीन वेगळी अक्षरं समजून वाचतो. पानाच्या सुरुवातीला युटीएफ-8 असा उल्लेख केला की बहुतेक वेळा काम होतं.

तिसरं रूप रिकाम्या चौकोनांचं. संगणकातल्या फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. आपला 'ॲ' युनिकोडमध्ये 2008 साली आला, म्हणून जुन्या संगणकावर 'ॲड.' लिहिलं की वकीलसाहेबांच्या नावाआधी चौकोन दिसतो. नवा फॉन्ट घाला. 'ऍ' टाईप करून वेळ मारून नेऊ नका, शोधताना ते नाव सापडणार नाही.

चौथं रूप प्रश्नचिन्हांचं, आणि ते सगळ्यांत वाईट. साठवतानाच प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं असेल, तर आत मराठी उरलेलंच नाही. मूळ फाईल किंवा छापील प्रत हाच उपाय.

काही दुखणी खास आपली. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांत स्वयंपाकी आणि गुरू एवढा फरक आहे. पहिल्या शब्दातला र काहीजण अदृश्य जोडचिन्ह वापरून टाईप करतात. एखादी प्रणाली ते चिन्ह गाळते आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. त्यापेक्षा 'ऱ' टाईप करून त्याला हलन्त जोडावा. कन्नडात 'रॅली' लिहितानाही असंच अदृश्य चिन्ह लागतं, तेव्हा शेजाऱ्यांचंही दुखणं तेच. पानाची भाषा 'हिंदी' नोंदवली तर काही फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात, म्हणून 'मराठी' नोंदवा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं की वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात, कधी कापलेही जातात.

आता त्या लेखाचं सांगतो. स्मरणिका जिथे छापली, त्या प्रेसमध्ये जुनी सीडी मिळाली. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता. दोन रात्री बसून तो युनिकोडमध्ये आणला आणि छापील प्रतीशी ताडून पाहिला. वडिलांच्या नावातला रफार शेजारच्या अक्षरावर गेला होता, तो जागेवर आणला. सभासदांनी नाव वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. बेळगाव-निपाणी भागातल्या किती मंडळांच्या, वाचनालयांच्या आठवणी अशा सीडींत पडून असतील! म्हणून तीन विनंत्या करतो. स्मरणिकेचं लेखन युनिकोडमध्ये द्या. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा. आणि एक छापील प्रत जवळच्या वाचनालयात जरूर द्या.

अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, अशी अट व्यासांनी गणपतीला घातली होती म्हणतात. संगणकाला ती अट घालता येत नाही. तेव्हा शेवटचं वाचन आपणच करायचं.

गणपती बाप्पा मोरया!