बालकांच्या बोटांची सूज



गोदावरीच्या तीरावरील बासर येथे, ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात, तेलंगणाप्रमाणेच धर्माबाद-नांदेड परिसरातीलही अनेक पालक मुलांना अक्षराभ्यासासाठी नेतात. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे तीर्थक्षेत्र २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. तेथे बालकाचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतले जाते. त्या चिमुकल्या बोटाचे एखादे पेर सुजलेले दिसल्यास त्याची उपेक्षा करणे इष्ट नव्हे.

अशा सुजेचे एक विरळा कारण म्हणजे बोटाच्या हाडाचा क्षय. लहान वयात या हाडांत तांबडी मज्जा असते. रक्तावाटे आलेले क्षयजंतू तेथे ठाण मांडतात. हाड आतून पोखरले जाऊन फुगते व बोट चातीप्रमाणे मध्ये जाड दिसते. हा विकार बहुधा सहा वर्षांखालील मुलांत आढळतो. वेदना बेताचीच असल्याने मार लागला असावा, अशी समजूत होते आणि महिने निघून जातात. पुढे सूज फुटून जखम वाहू लागते. हाडाची वाढ खुंटून बोट आखूड राहण्याचाही संभव असतो.

दुसरे कारण सिकलसेल. आदिलाबाद, चंद्रपूर व गडचिरोली भागांतील आदिवासी समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बालकाचे हातपाय एकाएकी सुजून ते वेदनेने रडू लागते. पुष्कळदा हेच या विकाराचे पहिले लक्षण ठरते.

तिसरे कारण पू निर्माण करणाऱ्या जंतूंचे. यात ताप येतो, बोट लाल व गरम होते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाह्यतः सारख्या भासणाऱ्या या विकारांचे उपचार मात्र सर्वस्वी भिन्न आहेत. म्हणून क्ष-किरण चित्र, रक्ततपासणी व आवश्यक तेथे हाडाच्या तुकड्याची तपासणी करून निदान करावे लागते. क्षयाची औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. हाडाच्या क्षयासाठी ती सुमारे वर्षभर, खंड न पाडता घ्यावी लागतात. घरात कोणास दीर्घकाळ खोकला असल्यास त्याचीही तपासणी अगत्याची आहे.

सुजलेले बोट चोळणे, डागणे किंवा घट्ट बांधणे कटाक्षाने टाळावे. दोन आठवड्यांत न ओसरणारी सूज, दुखो वा न दुखो, वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक मुलांचे बोट पूर्ववत होते आणि पाटीवर अक्षर गिरविणारा हात धडधाकट राहतो.