रेजिनातला मृग
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमातील भाषण)



सर्वप्रथम एक खुलासा. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मातीशी संबंध आला तो फक्त मेसमधल्या नीट न धुतलेल्या पालकातून. त्यामुळे "बागकामावर तुम्ही बोला" असं मंडळाने सांगितलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. पण आजचा निधी फूड बँकेसाठी आहे आणि आमच्या बागेची गोष्टही शेवटी तिथेच जाऊन पोहोचते, म्हणून उभे राहिलो.

ही बाग खरं तर बाबांची. २०१९ च्या मे महिन्यात आई-बाबा पेणहून सहा महिन्यांसाठी आले. आम्ही सकाळी ऑफिसला जायचो, आई टीव्हीत रमायची, बाबांना मात्र दिवस खायला उठायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर बॅकयार्डमधल्या हिरवळीचा एक तुकडा खणलेला आणि बाबा हातात ढेकूळ घेऊन उभे! म्हणाले, "अरे, ही तर आपल्या खाचरातली माती. भात कापल्यावर भेगा पडतात ना, तशीच."

बाबांचं निदान बरोबर होतं. हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळत होतं तेव्हा इथे एक मोठं सरोवर होतं. त्याच्या तळाशी बसलेला गाळ म्हणजे आपली रेजिनाची चिकणमाती. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. बेसमेंटच्या भिंतींना तडे जातात तेही बऱ्याचदा हिच्याचमुळे. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

या मातीसाठी बाबांचा नियम एकच : वाफसा येऊ द्या. मूठभर माती घेऊन दाबा. लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर कुदळ उचला. नुसताच चिकटून राहिला, तर घरात जाऊन चहा प्या. ओल्या मातीत पाय घातलात तर वर्षभर दगड फोडत बसाल. आणि माती मोकळी व्हावी म्हणून वाळू मिसळू नका, वीट तयार होते. दरवर्षी दोन-तीन इंच कंपोस्ट पसरा, इतकंच.

दुसरा प्रश्न, लावायचं कधी? इथले जुने लोक सांगतात, मे महिन्याच्या लाँग वीकएंडनंतर. आम्ही तेच बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मृगावर लावू." आम्ही हसलो. पण त्या वर्षापासून आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. थंडी सोसणारी मेथी, मुळा, पालक मेच्या सुरुवातीला पेरून टाका. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी मात्र जूनच्या ७-८ तारखेला, म्हणजे अगदी मृगालाच. तोपर्यंत दहिवराची धास्ती बहुतेक संपलेली असते. रोपं आधी आठ-दहा दिवस थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना वाऱ्याची सवय करा. फरक एवढाच की मृग आला तरी मृगाचा पाऊस येत नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर पडतो, पेणला एकट्या जुलैत याहून जास्त! म्हणून पाणी आठवड्यातून दोनदा, पण मुळापर्यंत जाईल असं द्या आणि वर गवताचं आच्छादन करा.

आता बाबांची फसलेली गोष्ट. इंडियन स्टोअरमधून बिरड्यासाठी आणलेल्या कडव्या वालातले मूठभर त्यांनी कुंपणाशी टोचले. वेल असा माजला की शेजारी विचारायला आले. जुलै गेला, ऑगस्ट गेला, फूल एक नाही. सप्टेंबरात कुठे चार कळ्या दिसल्या आणि एका रात्रीच्या दहिवराने सगळा वेल काळा पडला. बाबा दोन दिवस गप्प होते. ऑक्टोबरमध्ये निघताना विमानतळावर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी विमानं बंद होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. आम्हाला जाता आलं नाही. जे काही पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. त्या उन्हाळ्यात आम्ही बागेत पाऊलही टाकलं नाही.

नंतर केव्हातरी, सवयीने म्हणा, हा 'बग' शोधायला बसलो. चूक बाबांची नव्हती, मातीचीही नव्हती. कोकणात वाल भातकापणीनंतर पेरतात, दिवस लहान असताना. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय ही जात फुलतच नाही. आणि रेजिनात जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा! दिवस-रात्र समान व्हायला सप्टेंबर संपत येतो, तोवर थंडी दारात. कांद्याचं उलटं आहे. अलिबागचा पांढरा कांदा लहान दिवसाचा. तो इथे लावला तर पात वाढायच्या आतच गोटीएवढा गड्डा धरेल. म्हणून इथे बियाणं घेताना पाकिटावर लाँग डे लिहिलेलं बघून घ्या. कोथिंबीरही जूनमध्ये पटकन तुऱ्यावर येते. ती दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा.

मग २०२२ मध्ये आम्ही वाल मोठ्या कुंडीत, एप्रिलमध्ये घरातच लावला. १ जुलैपासून रोज संध्याकाळी सहाला कुंडी अंधाऱ्या गॅरेजमध्ये आणि सकाळी आठला बाहेर. कळ्या दिसेपर्यंत एक दिवसही चुकवला नाही. पार्टीतून उठून कुंडी आत ठेवायला घरी गेलो आहोत! ऑगस्टअखेर शेंगा आल्या. दाणे निघाले दीड वाटी. आईने फोनवरून सांगत सांगत बिरडं करवून घेतलं. माणशी चार घास आले. पहिला घास बाबांच्या नावाने बाजूला काढला.

मंडळी, हे शहर वसलं तेव्हा इथे उघडं माळरान होतं. आज वास्कानाच्या काठाने आपण ज्या सावलीत फिरतो, ती झाडं कुणीतरी हातांनी लावून, पाणी घालून जगवलेली आहेत. इथून तासाभरावरच्या इंडियन हेडच्या रोपवाटिकेने १९०१ पासून २०१३ पर्यंत शेतकऱ्यांना ६० कोटींहून जास्त रोपं वाटली. आणि १९७८ मध्ये सास्काचेवन विद्यापीठातून 'लेअर्ड' हे मसुराचं वाण आलं. आज या प्रांतातला मसूर थेट भारतातल्या स्वयंपाकघरांत पोहोचतो. लावणाऱ्याने फळ बघितलंच पाहिजे असं नसतं.

१९८६ मध्ये शेजारच्या विनिपेगमध्ये एक साधी कल्पना निघाली : बागेत एक ओळ जास्तीची लावायची आणि ती फूड बँकेला द्यायची. आमच्याकडे आता बटाटे आणि गाजरं यांची एक ओळ तशी असते. घरात तिचं नाव 'बाबांची ओळ'.

बाहेरच्या टेबलावर टोमॅटो, मिरची आणि तुळशीची रोपं ठेवली आहेत. किंमत तुम्हीच ठरवा, सगळे पैसे निधीत जातील. तुळस पारा दहाच्या खाली जाण्याआधी घरात घ्या, म्हणजे तुळशीच्या लग्नाला नवरी शिल्लक राहील. बाकीची रोपं मृगापर्यंत सांभाळा. आणि एक ओळ जास्तीची नक्की लावा.