कुमारी मरियेच्या मठातली शंका

(छावणीतील हिवाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचा संपादित भाग)



मत्तय आणि लूक ख्रिस्ताची जन्मकथा सांगतात, मार्क आणि योहान सांगत नाहीत, हे छावणीतल्या श्रोत्यांना मी नव्याने काय सांगू? नाताळच्या तोंडावर ‘श्रद्धा आणि शंका’ हा विषय ठेवला, हे संयोजकांचं धाडस. (हशा) मला मात्र पंडिता रमाबाईंकडे जायचंय. कुठूनही निघालो तरी मी तिथेच पोचतो, अशी घरात माझी बदनामी आहे.

रमाबाई १८८३ साली वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येई, म्हणून ते राहिलं. वाँटिजच्या ज्या मठात त्या उतरल्या, त्याचं नावच कुमारी मरियेचं! त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. आणि दोनेक वर्षांत तिथल्याच सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतून वाद जुंपला. त्रैक्य कशावरून? ख्रिस्ताचं देवत्व कशावरून? कुमारीच्या पोटी जन्म कशावरून?

वाद पार ताटापर्यंत गेला. रमाबाई मांस-मासे सोडाच, अंडंही खात नसत. म्हणजे पुडिंगही बाद. सिस्टरांना त्यात ब्राह्मणी ताठा दिसे. रमाबाईंचं म्हणणं, ख्रिस्ती झाले म्हणून माझ्या चालीरीती का सोडू? आता नाताळात केक खाताना बिनअंड्याचा आहे ना, असं विचारणारे इथे किती आहेत, हात वर करा. (हशा) बघा, अध्यक्षांचाही आहे. हे लांबलं. पण माझ्या मते भांडण पुडिंगाचं नव्हतं, तसं चमत्काराचंही नव्हतं. ठरवायचं कोणी, याचं होतं. भटजींच्या कचाट्यातून सुटलेली बाई बिशपांपुढे मान तुकवायला तयार नव्हती.

‘मग त्या खऱ्या ख्रिस्ती नव्हत्याच,’ असं मागून कोणी म्हणालं. ऐकलं मी. मग खाम नदीपलीकडच्या माझ्या मुसलमान मित्रांचं काय करता? कुराणात मरियमच्या नावाची अख्खी सूरा आहे. ईसा बापाविना जन्मला, हे ते बिनदिक्कत मानतात. देवाचा पुत्र मात्र म्हणत नाहीत. बाप्तिस्मा घेतलेली बाई अडते, न घेतलेला माणूस मान डोलावतो. आता लावा कुंपण!

बाकीच्यांनीही फार हसू नये. ब्रह्मदेवाच्या मुखातून ब्राह्मण जन्मले म्हणतात, त्यावर जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त जे प्रश्न विचारले, ते इथे वाचले तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील. (शांतता) कोणाला दुखवायचं नाही हो. कर्णाचं तर मी नावही काढत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. पुढे १८९१च्या सुमारास रमाबाईंची श्रद्धा पक्की झाली, हे मी लपवत नाही. तुमचं मत इथेच आपटतं, असं अध्यक्ष मघाशी चहाला म्हणाले. मला नाही पटत. केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२मध्ये जाईपर्यंत तेच काम. मूळ स्वतः वाचल्याशिवाय मान डोलवायची नाही, हा मठातलाच हट्ट की नाही? आणि मत्तयाचा पहिला अध्याय त्यांनी गाळला नाही, तोही...

दुसरी चिठ्ठी. थांबतो. प्रश्न लेखी द्या. ‘तुम्ही स्वतः मानता का’ एवढा एक सोडून. (हशा)