मोबाइलकडे माझे मागणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

पुढच्या मोबाइलमध्ये काय हवे असे विचारले, की मुले कॅमेऱ्याची गोष्ट काढतात. माझे मागणे निराळे आहे. गेल्या वर्षी एका गृहस्थाचा फोन आला. पापडाच्या ऑर्डरीचे आगाऊ पैसे पाठवतो म्हणाला, आणि क्यूआर कोडाचे चित्र धाडले. तो सांगेल तसे ते उघडून मी पिन दाबला. पैसे आले नाहीतच. भिशीसाठी ठेवलेले ४,००० रुपये मात्र गेले! लाजेपोटी दोन दिवस मी घरात बोलले नाही. मुलीने १९३० हा मदतीचा क्रमांक सांगितला, तोवर उशीर झाला होता.

भगिनींनो, पैसे घेताना पिन लागत नाही. तो लागतो देताना. एवढे एक वाक्य त्या वेळी फोननेच मराठीत, मोठ्याने सांगितले असते तर? अनोळखी माणसाला पैसे जाण्यापूर्वी फोनने घटकाभर थांबावे, घरातल्या कोणाला तरी कळवावे. वाचता न येणाऱ्या माझ्या सासूबाईंनाही ते समजावे. कुकरला शिट्टीखेरीज सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, मग फोनला का नसावा?

तशी सोय होईपर्यंत आपणच एकमेकींना सावध करू या. फसगत झालीच, तर माझ्यासारख्या गप्प बसू नका; त्याच घडीला १९३० वर फोन करा.