एक चमचा व्हिनेगर

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'आयटी क्षेत्रातली माझी वाटचाल'. ती वाटचाल दोन वाक्यांत सांगते. सकाळी नेरूळहून ऐरोलीला जायचं, संध्याकाळी ऐरोलीहून नेरूळला यायचं आणि मधल्या वेळात कोणीतरी करून ठेवलेल्या चुका शोधायच्या. वीसेक वर्षं हेच चाललंय. उरलेल्या वेळात मला माझ्याच एका चुकीबद्दल बोलायचंय. ती मी आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केली होती, म्हणून कबुलीही तुमच्यासमोरच द्यायला हवी.

एप्रिल २०२४ मध्ये मी ग्रुपवर एक बातमी टाकली होती. 'ॲपल सायडर व्हिनेगर, रोज एक चमचा, तीन महिन्यांत सहा-सात किलो वजन कमी.' नुसती बातमी टाकली असती तर ती 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडली गेली असती. पण मी खाली एक ओळ जोडली, 'मी स्वतः घेते, आईलाही देते. फरक पडतो.' त्या ओळीला एकोणीस अंगठे आले. दोघी-तिघींनी फोन करून बाटली कुठली घेऊ विचारलं. एकजण म्हणाली, "तू सांगतेस म्हणजे तपासूनच सांगत असणार." मी काहीही तपासलं नव्हतं. बातमीचा मथळा आणि मधला फोटो, एवढंच पाहिलं होतं.

आधी हे व्हिनेगर म्हणजे काय ते सांगते, कारण पहिल्या रांगेत विज्ञानाच्या बाई बसल्या आहेत. सफरचंदाचा रस आंबवला की यीस्ट त्यातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. मग हवेच्या सान्निध्यात दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात. हे काम जिवंत जीव करतात हे लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवून दिलं. आपल्याकडे गोव्यात माडाच्या सुरेपासून व्हिनेगर बनतं ते याच रीतीने, आणि त्याच्याशिवाय विंदालूला खरी चव नाही. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये साधारण चार ते सहा टक्के ॲसिटिक ॲसिड असतं, बाकी बहुतेक पाणीच. आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये ते किमान ३.७५ टक्के असावं, असा आपल्या अन्नसुरक्षा खात्याचा नियम आहे. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर घ्या की साडेतीनशे रुपयांची गढूळ सोनेरी बाटली घ्या, काम करणारं मुख्य रसायन तेच. महागड्या बाटलीच्या तळाशी जो गढूळ गाळ असतो त्याला 'मदर' म्हणतात. तो त्या जिवाणूंचा आणि त्यांनी विणलेल्या तंतूंचा गोळा. मी बाटली घेताना लेबलवर 'मदर' आहे ना, हे बघून घ्यायचे. घरातल्या मदरकडे मात्र माझं लक्ष नव्हतं.

माझी आई सानपाड्याला एकटी राहते. बाबा गेल्यापासून तिचा हट्टच आहे तो. तिला चौदा वर्षांपासून मधुमेह. दोन गोळ्या सकाळी, एक संध्याकाळी. संध्याकाळच्या गोळीने पोट बिघडतं अशी तिची जुनी तक्रार होती आणि मी ती नेहमी अर्ध्या कानाने ऐकायचे. मी तिला बाटली नेऊन दिली, ग्लासभर पाण्यात एक चमचा घालून दाखवला, आणि म्हणाले, "आई, याने साखर खाली येते." बस्स, एवढंच.

डिसेंबरमध्ये तिच्या रक्ताची तपासणी केली. तीन महिन्यांची सरासरी साखर आधी ७.२ असायची, ती ९.१ आली. पायांना मुंग्या येत होत्या, रात्री चार-चार वेळा उठावं लागत होतं. त्यातलं तिने मला काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं मागितली. संध्याकाळच्या गोळीचं पाकीट जूनपासून तसंच भरलेलं होतं. मी बाहेर आल्यावर तिच्यावर चिडले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, तूच नाही का म्हणालीस, याने साखर खाली येते? मग दोन्ही कशाला घ्यायचं?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाक्य माझंच होतं, शब्दही तेच होते.

त्या रात्री मी पहिल्यांदा ते काम केलं जे एप्रिलमध्ये करायला हवं होतं. मूळ अभ्यास वाचायला बसले. जे सापडलं ते सरळ सांगते, कारण व्हिनेगर ही निव्वळ थाप आहे असंही नाही.

२००४ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या संशोधकांनी २९ जणांना पिष्टमय जेवणाआधी व्हिनेगरचं पाणी दिलं. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नव्हतं, त्यांच्यापैकी ज्यांना अजून मधुमेह झालेला नव्हता अशांची जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. कारण समजण्यासारखं आहे. आंबट पदार्थामुळे जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. पण हा अभ्यास एका जेवणाचा होता. पुढे काही छोट्या अभ्यासांत उपाशीपोटीची साखरही थोडीफार उतरलेली दिसली. थोडीफार, हा शब्द महत्त्वाचा. गोळी सोडावी एवढी नाही.

वजनाचं म्हणाल तर जपानमध्ये २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवडे रोज एक ते दोन मोठे चमचे व्हिनेगर पेयातून घेतलेल्यांचं वजन एक ते दोन किलोंनी उतरलं. अभ्यास करणारे संशोधक व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीतलेच होते. आणि पिणं थांबवल्यावर उतरलेलं वजन परत येऊ लागलं.

आता मी टाकलेली बातमी. तो अभ्यास लेबनॉनमधला होता, १२ ते २५ वर्षं वयाच्या १२० मुलामुलींवरचा. माझी आई तेव्हा ७१ वर्षांची! सप्टेंबर २०२५ मध्ये ज्या नियतकालिकाने तो छापला होता, त्यानेच तो मागे घेतला. आकडेतज्ज्ञांनी मूळ माहितीवरून तेच निष्कर्ष काढून पाहिले, ते जुळेनात, आणि माहितीतच विसंगती आढळल्या. आमच्या कामात एक साधी शिस्त असते. जे दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही, ते चालतं असं म्हणायचं नाही. ऑफिसात हा नियम मी नव्या मुलांना दर आठवड्याला ऐकवते.

नुकसानाची बाजूही आहे. १९९८ मध्ये ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या बाईची हकीकत नोंदवली. ती सुमारे सहा वर्षं रोज पाव लिटर ॲपल सायडर व्हिनेगर पीत होती. तिच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं आणि हाडं ठिसूळ झाली. हे टोकाचं उदाहरण आहे, मान्य. पण आपल्यापैकी ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांचं पोटॅशियम आधीच कमी होऊ शकतं. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचं व्हिनेगर सुरू करू नये. आणि स्वीडनमध्ये २००७ साली एक लहानसा अभ्यास झाला. इन्सुलिन घेणाऱ्या ज्या रुग्णांचं जठर मधुमेहामुळे आधीच मंदावलेलं होतं, त्यांचं व्हिनेगरने आणखी मंदावलं. अशा माणसाला इन्सुलिन वेळेवर लागू पडतं आणि अन्न मात्र उशिरा उतरतं. साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. म्हणजे ज्या गुणासाठी आपण ते पितो, तोच गुण जुन्या मधुमेह्याला महागात पडू शकतो.

माझं स्वतःचं नुकसान दातांचं. मी सकाळी उपाशीपोटी व्हिनेगर प्यायचे आणि लगेच ब्रश करायचे. दातांच्या डॉक्टरांनी पुढच्या दातांवरचं कवच झिजलंय म्हणून सांगितलं. बाई, तुम्ही आठवीत आम्हाला व्हिनेगरमध्ये अंडं ठेवायला लावलं होतंत. दुसऱ्या दिवशी कवच विरघळून अंडं रबरासारखं मऊ झालं होतं, आणि मागच्या बाकावरच्या मुलांनी ते टोलवून फोडलं होतं. सगळ्यांना तेवढंच आठवतं. ॲसिडाने कवच जातं, हा धडा आम्ही त्याच दिवशी शिकलो होतो. दातांना तो लागू आहे, हे कळायला मला तीस वर्षं लागली. आंबट घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची आणि ब्रश तासाभराने करायचा, एवढं तरी लक्षात ठेवा.

मग व्हिनेगर फेकून द्यायचं का? अजिबात नाही. कांद्याच्या चकत्यांवर घाला, कोशिंबिरीत घाला, लोणच्यात घाला. इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला पांढरा थर बसला असेल तर व्हिनेगर-पाणी उकळा, लख्ख निघते. फक्त न्हाणीघर धुताना ते ब्लीचमध्ये मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि आंबटच हवं असेल तर आपल्या कोकणातलं आमसूल आहेच. पण त्याचंही औषध करू नका. कोकमाच्या सालीत जे हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड असतं, त्याच्या वजन उतरवणाऱ्या गोळ्या जगभर विकल्या गेल्या. अमेरिकेत १९९८ साली १३५ जणांवर चाचणी झाली, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा तिचा काहीच जास्त उपयोग दिसला नाही. सोलकढी प्यायची ती चवीसाठी.

आईचं आता बरं आहे. संध्याकाळच्या गोळीने पोट बिघडतं हे ती चौदा वर्षं सांगत होती. डॉक्टरांनी ते नीट ऐकलं आणि गोळी बदलून दिली. साखर पुन्हा साडेसातच्या आत आली आहे. पायांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेलेल्या नाहीत. त्या जातील की नाही, हे डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. रविवारी मी सानपाड्याला जाते, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरते, आणि ती जे सांगते ते पूर्ण ऐकते.

एक गोष्ट राहिली. आईची हकीकत कळल्यावरही मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. अभ्यास मागे घेतल्याची बातमी आली तेव्हाही नाही. लाज वाटली. एकोणीस अंगठ्यांसमोर 'मी चुकले' लिहिणं फार जड जातं. म्हणून आज समोरासमोर सांगते. माझी ती ओळ मी मागे घेते आहे. तिच्यामुळे तुमच्यापैकी कोणी एखादी गोळी कमी केली असेल, कोणाच्या आईवडिलांनी सासूसासऱ्यांनी बंद केली असेल, तर उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा. आणि घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची पाकिटं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्यांना विचारू नका, बघाच. विचारलं की ती म्हणतात, "घेते गं सगळं वेळेवर."

बाई, तुमच्या प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर लिहायचं असायचं. मी उलटं लिहिलं. गुण कापा.

जेवणात सोलकढी आहे असं कळलंय. मी दोन वाट्या घेणार आहे.