चित्राला मार्क देऊ नका
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतले भाषण)



आज हप्त्याचं नंतर बोलू. सध्या कुठल्याही गटात गेले की एकच ऐकते, "मॅडम, पोरगी दहावीला आहे. जेवत नाही, नुसती चिडते." टिटवाळ्याहून लोकलने कल्याणला क्लासला जाणारी ही मुलं. फीसाठी आईने गटातून कर्ज उचललंय हे त्यांना ठाऊक असतं. त्याचंही ओझं असतं बरं का.

मी डोंबिवलीची. आमच्या क्लासात मार्कांप्रमाणे बाकावर बसवायचे. मी शेवटून दुसरी. रात्री वहीच्या मागच्या पानावर नुसत्या रेघोट्या ओढत बसायचे. आईने एकदा पाहिलं. ओरडली नाही, शेजारी बसून मटार सोलत राहिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले, आणि बोललेही.

अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद दिले आणि आधी-नंतर लाळेतलं ताणाचं रसायन तपासलं. २०१६ साली निष्कर्ष छापून आला: चौघांत तिघांचं प्रमाण उतरलं. चित्रकला येते की नाही, याने फरक पडला नाही. ही सगळी मोठी माणसं होती, आणि याने मार्क वाढतात असं मी म्हणत नाही.

आपल्याकडे तर वारली बायका लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहीत आल्या. हो, 'लिहितात' म्हणतात. जिव्या सोमा म्हसेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पण मुळात हे काम सुवासिनींचं.

तर रविवारी तासभर मुलांना गेरू, पीठ आणि बांबूची काडी द्या. कागद नसेल तर जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू चालते. "हे काय काढलंस?" विचारू नका. "यातलं काही सांगायचंय?" एवढंच. नाही म्हणाली तर नाही. फोटो स्टेटसला टाकू नका. इंटरमिजिएटचे वाढीव गुणही इथे नकोत, ते वेगळं.

मात्र मूल मरणाचं बोललं, स्वतःला इजा करू लागलं, तर चित्रावर थांबायचं नाही. त्याला एकटं सोडू नका. १४४१६, सरकारची टेली-मानस, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच गटाच्या वहीत लिहा.

बरं, या रविवारी गेरू कोण आणतंय?