मुसळाचा ताल
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



भीमाशंकरच्या आपल्या भातमुलखात, गिरण्या येण्यापूर्वी, एका उखळात दोघीजणी आळीपाळीने मुसळ घालीत; पण मुसळावर मुसळ आदळत नसे. अंगातील या मेळाला शास्त्रात समन्वय म्हणतात.

मॉस्कोचे शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन यांनी १९२० नंतरच्या दशकात हातोडी मारणाऱ्या कामगारांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. घाव ठरल्या जागी पडे. पण खांदा, कोपर, मनगट यांची चाल दर खेपेस थोडी निराळी असे. खांदा किंचित ढळला, तर कोपर सावरून घेई. तेव्हा समन्वय म्हणजे पाठ केलेली हालचाल नव्हे. सांध्यांनी एकमेकांना सांभाळून घेणे होय.

माझी सून प्रथम डोक्यावर हंडा घेई, तेव्हा मान व खांदे लाकडासारखे ताठ धरी आणि पाणी सांडे. मी तिला फार बोलले. ते माझे चुकले. नवशिके अंग आधी आखडतेच. सरावाने एकेक सांधा मोकळा होतो. रागावल्याने ते अधिकच आखडते.

म्हणून भगिनींनो, मुलींना काम दाखवा. पण 'माझ्यासारखाच हात धर' असा हट्ट नको. चार थेंब सांडले, तर सांडू द्यावेत.